भरती नसलेला समुद्र

डहाणूच्या खाडीत ओहोटी लागली की तिवरांच्या पुढचा करडा गाळ उघडा पडतो. लांबून बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. चिखल, दोन-चार बगळे, पाटी घेऊन वाकलेली एखादी बाई. पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की मात्र गाळ हलायला लागतो. वीतभर लांबीचे मासे पुढच्या परांवर रेटा देत सरकतात आणि सरकताना डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहतात. ओल्या फडक्याने फरशी पुसावी तसं. त्यांच्या मागे गाळावर कमानीसारखे पुसट पट्टे उमटतात.

हे निवटे. कुणी निवटा म्हणतं, कुणी निवटी. झाईच्या पलीकडे उंबरगावला गेलं की गुजरातीत त्याचाच लेवटा होतो. निम्मं आयुष्य मी हा मासा फक्त कालवणात पाहिला. तो गाळावर डोकं का फिरवतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला तो घरातल्या काचेच्या टाकीमुळे.

टाकीचं खूळ जुनं आहे. शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलेलं हे मत्स्यालय माझ्या पिढीच्या प्रत्येक पोराने एकदा तरी पाहिलेलं असतं. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या चौकटी, आणि त्यांत निळे-पिवळे मासे. आमच्या समुद्रात असं काही नव्हतं. आमचा समुद्र चहाच्या रंगाचा. खंभातच्या आखाताकडे जावं तशी भरतीची उंची वाढत जाते, त्यामुळे आमच्याकडचं पाणी दिवसातून दोनदा सगळा गाळ ढवळून काढतं. आम्ही मासे पाहायचे ते जाळ्यातले किंवा पाटीतले. पाण्यातला मासा कसा वागतो ते पाहण्याची हौस तेव्हापासून राहून गेली होती. नोकरी संपल्यावर ती पुरी करायची ठरवली आणि चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी बनवून घेतली. साधारण दोनशे चाळीस लिटर पाणी.

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी शहरातले लोक डबाबंद मीठ आणतात, ते गाळलेल्या शुद्ध पाण्यात ठरलेल्या मापाने विरघळवतात. लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या आसपास. मला ते हास्यास्पद वाटलं. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर आणि मीठ विकत आणायचं? फेब्रुवारीतल्या एका उधाणाच्या भरतीला मी कॅनमधून पाणी भरून आणलं, पिंपात दोन दिवस निवळत ठेवलं, कापडातून गाळलं, टाकीत ओतलं. पाणी काचेसारखं दिसत होतं. मी स्वतःवर खूश होतो.

दहाव्या दिवशी वाळूवर तपकिरी साय धरली. आठवड्याभरात ती काचेवर चढली, दगडांवर चढली, पंपाच्या तोंडावर चढली. बोटाने पुसली की निघायची आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा यायची.

ही साय डायटमची. डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. त्याचं घर काचेचं, म्हणजे सिलिकाचं. सिलिका मिळाली की ते फोफावतं. आमच्या किनाऱ्यामागे सगळा सह्याद्रीचा काळा पाषाण. तो झिजतो, पावसाच्या पाण्यात सिलिका विरघळते आणि नद्या-ओढे ती खाडीत आणून सोडतात. शिवाय खाडीच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतंच. पाणी निवळलं म्हणजे स्वच्छ झालं, हा माझा समज होता. निवळलं ते फक्त डोळ्यांना. त्यात विरघळलेलं खत तसंच होतं. खत घातलेलं पाणी, वर आठ-दहा तास दिवा आणि खायला कुणी नाही. शेवाळाला आणखी काय लागतं?

तपकिरी साय ओसरली आणि तिच्या जागी हिरवे केस आले. अक्षरशः केस. दगडांना जटा फुटल्या. टाकीवाले लोक याला हेअर अल्गी म्हणतात आणि ते नाव घेताना त्यांचा चेहरा वारं पडलेल्या होडीतल्या तांडेलासारखा होतो.

मुंबईतल्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, कशाला घासत बसता? एक ब्लेनी टाका. लॉनमोवर म्हणतात तिला. गवत कापायचं यंत्र." सोबत त्याने लाइव्ह रॉकही देऊ केला, म्हणजे जिवाणूंनी भरलेला प्रवाळाचा दगड. तो मी घेतला नाही. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकं संरक्षण आहे, आणि तो दगड कुठल्या समुद्रातून आला याचं सरळ उत्तर मला मिळालं नाही. ब्लेनी मात्र घेतली. प्राणवायू भरलेल्या पिशवीत, वर वर्तमानपत्र गुंडाळून, चर्चगेटहून डहाणू लोकलने आणली. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा ती अशा कामी येईल असं वाटलं नव्हतं. विरारनंतर गाडी रिकामी झाली, तेव्हा पिशवी मांडीवरून शेजारच्या बाकावर ठेवली.

ब्लेनी म्हणजे बोटभर लांबीचा, मातकट ठिपक्यांचा, बेडकासारख्या डोळ्यांचा मासा. दिसायला अगदी सामान्य. पण तोंड बघावं. ओठाला लागून बारीक दातांची रांग असते, कंगव्यासारखी. ती काचेवर तोंड टेकवते, एक टवका खरवडते, मागे सरकते, पुन्हा टेकवते. काचेवर ओठांच्या आकाराचे ठसे उमटत जातात. पहिल्या आठवड्यात मी खुर्ची टाकून टाकीसमोर बसत असे. दुसऱ्या आठवड्यात पुढची काच स्वच्छ झाली. महिन्याभरात दगडांवरची बारीक हिरवळ गेली. लांब जटा तिने तोंडातही घेतल्या नाहीत. त्या मीच हाताने उपटल्या, आणि नंतर जे कोंब फुटले ते तिने खाल्ले. हे पुढे कळलं की सगळीकडे असंच होतं. गुरं उभं गवत खातात, वाळलेला कडबा तोडून द्यावा लागतो.

मग शेवाळ संपलं.

ब्लेनीचं पोट आत गेलं. बाजूने पाहिलं की डोकं मोठं आणि खाली खोबणीसारखी पोकळी. दुकानातलं दाणेदार खाद्य ती तोंडात घेई आणि थुंकून टाके. समुद्री शेवाळाचे वाळवलेले पातळ कागद मिळतात, जपानी लोक भाताला गुंडाळतात ते. तो कागद मी दगडाला बांधून दिला, पण तोवर उशीर झाला होता. एका सकाळी ती वाळूवर आडवी पडलेली सापडली. मी एका जिवाला कामाला लावलं होतं आणि काम संपल्यावर त्याच्या पोटाचा विचार केला नव्हता. या छंदात हे इतक्यांदा घडतं, की जाणकार नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात: शेवाळ संपल्यावर काय घालणार?

आणि खरी गंमत पुढेच होती. ब्लेनी मेल्यावर तीन आठवड्यांत केस परत आले. म्हणजे शेवाळ गेलंच नव्हतं. ते माशाच्या पोटातून फिरून पाण्यात आलं होतं. मासा शेवाळ खातो, त्यातलं थोडं त्याच्या अंगी लागतं, बाकीचं विष्ठेवाटे आणि कल्ल्यांवाटे परत पाण्यात. फॉस्फेटला टाकीबाहेर जायला वाटच नसते. मी घातलेल्या खाद्याच्या प्रत्येक चिमटीबरोबर ते वाढतच जातं. मासा फक्त कापणी करतो. कापलेलं शेताबाहेर नेत नाही.

तोवर मी पुस्तकं चाळायला लागलो होतो. एकेका माशाची आवड निराळी. पिवळा टँग, हवाईच्या समुद्रातला, लिंबाच्या सालीसारखा पिवळा, शेपटीच्या बुडाशी शस्त्रक्रियेच्या पात्यासारखा काटा. तो धाग्याधाग्याचं शेवाळ खुडतो. त्याच्याच कुळातले कंगवेदाती टँग शेवाळ खात नाहीत, त्यावर बसलेला गाळ आणि डायटम झाडून खातात. फॉक्सफेस नावाचा रॅबिटफिश जाड, पानांसारखं शेवाळही खातो, पण त्याच्या पाठीवरचे काटे विषारी. हात घालताना जपावं लागतं. ब्रायोप्सिस नावाचं पिसासारखं शेवाळ जवळजवळ कुणीच खात नाही. आणि वाळूवर लालसर, बुळबुळीत चादर धरली तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. त्याला मासा हा उपायच नाही. दुकानात मात्र सगळ्यांवर एकच औषध: "हा मासा टाका."

पिवळा टँग घ्यावा असं फार मनात होतं. मग वाचलं, की हवाईच्या समुद्रात तो चाळीस वर्षं जगल्याची नोंद आहे. माझ्या चार फुटी टाकीत त्याला नीट वळायलाही जागा झाली नसती. बाजारात विकला जाणारा हा मासा वर्षानुवर्षं समुद्रातूनच धरला जात होता. हवाईच्या एका संशोधन संस्थेला तो पहिल्यांदा टाकीत वाढवता आला तो २०१५ साली. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने शोभेच्या समुद्री माशांची पैदास सुरू केली आहे, पण ती क्लाउनफिशची. तो शेवाळाला तोंड लावत नाही.

याच सुमारास बोर्डीच्या बाजारात झाईची एक मावशी निवटे घेऊन बसली होती. तलासरी तालुक्याला समुद्र लाभला आहे तो जवळजवळ झाईपुरता. तिथून बोर्डीला मासळी नेहमी येते. पाटीत निवटे एकमेकांवर चढत होते. मी सहज टाकीचं रडगाणं सांगितलं. मावशी हसली. "शेवाळ खाणारा मासा मुंबईहून आणला? अन् हा काय खातो मग? गाळावरची साय चाटूनच मोठा होतो तो."

त्या दिवशी मी कालवणाचे निवटे घेतले आणि दुसऱ्या दिवशी खाडीवर जाऊन उभा राहिलो.

गाळावर चरणारा हा मोठा निवटा म्हणजे बोलिओफ्थॅल्मस. त्याचा छोटा चुलतभाऊ, तिवराच्या मुळांवर टणाटण उड्या मारणारा, किडे आणि खेकड्यांची पिल्लं खातो. मोठा मात्र शाकाहारी. ओहोटीत गाळावर ऊन पडलं की डायटमची सोनेरी-तपकिरी साय वर येते. तीच ती, माझ्या वाळूवरची. खालच्या जबड्याचे आडवे दात गाळाला लावून निवटा डोकं फिरवतो आणि साय खरवडून घेतो. मला छळणारी गोष्ट इथे त्याचं कुरण आहे. कुवेतच्या चिखलपट्ट्यांवर याच जातीच्या निवट्यांचा अभ्यास झाला आहे. तिथे ते आपापल्या बिळाभोवती चिखलाचे बांध घालतात. शेजाऱ्याशी बांध सामाईक, त्यामुळे वरून पाहिलं तर पंचकोनी-षटकोनी खाचरं दिसतात. बांधाच्या आत पाणी साचून राहतं आणि साय चांगली वाढते. आपल्या भातखाचरासारखीच शेती, नि बांधावरून भांडणंही तशीच. पाठीचा पर उभारून, तोंड वासून.

मग हा मासा माझ्या टाकीत का नको? कारण तो पाण्यात बुडून राहणारा मासाच नाही. त्याला ओहोटी लागते. ओला गाळ, त्यात खोल बीळ, अंगावर ऊन आणि रोज नव्याने उगवणारी साय. काचेच्या पेटीत हे कुरण दोन दिवसांत चाटून संपतं आणि निवटा उपाशी राहतो, ब्लेनीसारखाच.

खाडीत असे चरणारे आणखी आहेत. बोय घ्या. भरतीबरोबर थव्याने आत येते, गाळाचा वरचा थर तोंडात घेते, नको ते कल्ल्यांतून बाहेर टाकते. तिच्या पोटात कोंबडीसारखी जाड मांसल पिशवी असते. वाळूच्या कणांवर शेवाळ तिथे भरडलं जातं. दक्षिणेला कोकण-गोव्यात कालुंदर आहे, केरळात ज्याला करिमीन म्हणतात आणि ज्याला त्यांनी २०१० साली राज्यमासा केलं. धाग्याचं शेवाळ तो आवडीने खातो. खडकांवर काळ्या पाठीच्या गोल गोगलगायी असतात, ओहोटीतही दगडाला चिकटलेल्या. वाढवण-वरोरच्या खडकाळ पट्ट्यात सुकतीला गेलात तर डबक्यांच्या कडांना त्यांच्या चरण्याच्या वाटा दिसतील. मी अशा पंधरा-वीस गोगलगायी आणल्या. खरं सांगायचं तर काचेचं निम्मं काम आज त्याच करतात, आणि कुणी त्यांचे फोटो काढत नाही.

मोठ्या समुद्रात हे चरणारे नाहीसे झाले तर काय होतं, याचं उदाहरण जमैका. तिथल्या प्रवाळांवरचे शेवाळखाऊ मासे माणसांनी दशकानुदशकं धरून संपवले होते. तरी प्रवाळ टिकून होते, कारण काळ्या लांब काट्यांचा एक सागरी साळू शेवाळ खात होता. १९८३ साली कसल्याशा रोगाने कॅरिबियन समुद्रातले हे साळू जवळजवळ सगळे मेले. जमैकात १९७७ मध्ये समुद्रतळाचा बावन्न टक्के भाग प्रवाळांनी व्यापलेला होता, शेवाळाने चार टक्के. १९९३ पर्यंत प्रवाळ तीन टक्क्यांवर आले आणि शेवाळ ब्याण्णववर गेलं. शेवटचा गुराखी गेला आणि रानाने गाव गिळलं.

उलटंही होतं. सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरलेल्या रॅबिटफिशनी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे खडक पार बोडके केले. लक्षद्वीपला अगत्तीच्या उथळ पाण्यात हिरवी कासवं इतकी वाढली, की त्यांनी समुद्री गवताची कुरणंच खाऊन टाकली, आणि त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले म्हणून कोळी कासवांवर रागावले. चरणारं जनावर चांगलं की वाईट, हे कुरण केवढं त्यावर ठरतं.

हिरवी कासवं आमच्याकडेही येतात. मोठेपणी पाल्यावर जगणारं समुद्री कासव हे एवढंच. पावसाळ्यात जखमी होऊन किनाऱ्याला लागणाऱ्या कासवांसाठी डहाणूला पारनाक्यावर वनखात्याचं उपचार केंद्र आहे. स्थानिक प्राणिमित्र आणि पशुवैद्य ते चालवतात. येणाऱ्यांत ऑलिव्ह रिडले जास्त, हिरवी कमी. बरंच अंतर वाहत आलेल्या कासवाच्या पाठीवर शेवाळ नि शिंपले चढलेले असतात. दुसऱ्यांचं शेवाळ खाणाऱ्याच्या स्वतःच्या पाठीवर जंगल.

सगळ्यात आवडलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातला. ऑर्फियस बेटाजवळ संशोधकांनी प्रवाळाचे काही तुकडे पिंजऱ्यांनी झाकून ठेवले. मासे आत जाईनात, आणि आत सरगॅसम नावाच्या शेवाळाचं रान माजलं. मग पिंजरे काढले आणि कॅमेरे लावले. नेहमीचे शेवाळखाऊ, पोपटमासे नि टँग, येतील अशी अपेक्षा होती. ते आले, पण रानाकडे त्यांनी पाहिलंही नाही. रान साफ केलं ते बॅटफिशने, ज्याला तोवर कुणी शेवाळखाऊ समजतच नव्हतं. हे निष्कर्ष २००६ साली छापून आले. कोण कधी कामाला येईल याची यादी माणसाकडे पूर्ण नसते, एवढं त्यातून मी घेतलं.

म्हणूनच वाढवणच्या खडकांवर उभं राहिलं की मन थोडं कडवट होतं. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला; १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले. त्याच किनाऱ्यासमोर आता ७६ हजार कोटींच्या बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. इथले मच्छीमार या पाण्याला सोनेरी पट्टा म्हणतात आणि वर्षानुवर्षं विरोध करत आहेत. बंदराचे फायदे सांगणारे पुष्कळ आहेत. त्या डबक्यांच्या कडेला कोण कोण चरतं, याची मोजदाद बंदराच्या हिशेबात कुठे बसवणार, हा माझा साधा प्रश्न आहे.

असो. टाकीकडे येतो. खाडीत जे मला पंचाहत्तर फेऱ्यांनंतर दिसलं, ते पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. निवटा चरतो, बोय चरते, पण सगळं तेवढ्यावर चालत नाही. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा जाते. जाताना विष्ठा, कुजकं, विरघळलेलं खत उचलून नेते. माझ्या पेटीत मासा होता, भरती नव्हती. ती आता मी आहे. दर रविवारी पंचवीस लिटर पाणी काढतो आणि तेवढंच नवं घालतो. खाडीचं पाणी बंद केलं. गाळलेल्या पाण्यात विकतचं मीठ. दिवा सहा तास. खाद्याची चिमटी अर्धी केली. जटा दिसल्या की हाताने उपटतो आणि उन्हात वाळवतो. तेवढं फॉस्फेट टाकीबाहेर. दुसरी ब्लेनी आणली, ती वर्षभर आहे. तिला पहिल्या दिवसापासून शेवाळाचा कागद लावला, आणि मागची काच मी मुद्दाम पुसत नाही. ती काच तिची. पाहुणे आले की विचारतात, मागे एवढं हिरवं का? मी सांगतो, तिचं शेत आहे.

एक विनंती मात्र, विशेषतः किनाऱ्यावर राहणाऱ्यांना. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी मत्स्यालयाखाली, समुद्रात, कॉलर्पा नावाच्या टाकीतल्या शेवाळाचा लहानसा ठिपका दिसला. तिथल्या माशांना ते कडू लागतं, कुणी खात नाही. पुढच्या वीस वर्षांत ते भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरलं. तुमच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी असेल आणि हौस फिटली, तर तिचं पाणी, शेवाळ, वाळू, गोगलगायी, काहीही खाडीत ओतू नका. शेवाळ कडक उन्हात वाळवून कचऱ्यात टाका, मासा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. खाडीत चरणारे आपापल्या कामाला पुरेसे आहेत. त्यांना आपलं शेवाळ नको.